दिव्यामागची फ्लॉरेन्स

वाचकहो, फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेतलेली स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ते चित्र खोटे नाही. परंतु त्यांची खरी कसोटी युद्ध संपल्यावर, कागदांच्या ढिगापुढे लागली.

१८२० साली जन्मलेल्या या श्रीमंत घरच्या इंग्रज मुलीला १८३७ मध्ये देवाने आपल्याला सेवेसाठी बोलाविले आहे अशी जाणीव झाली. पाचारण हा आपल्या मराठी शास्त्रातला शब्द येथे नेमका बसतो. मात्र घरच्यांचा विरोध मोठा होता. जर्मनीत कायझर्सवेर्थच्या सेविकांजवळ शिक्षण घेण्यास १८५१ साल उजाडले.

नोव्हेंबर १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धाच्या वेळी, ३८ स्त्रियांना घेऊन त्या बॉस्फरसकाठच्या स्कुटारीला पोहोचल्या. त्यांत १० रोमन कॅथलिक जोगिणी होत्या, आणि त्यावरून इंग्लंडात कुरबुर झालीच! तुर्की सैन्याच्या बराकीतच रुग्णालय थाटलेले. जखमींपेक्षा पटकी, हगवण व ज्वराचे रोगी कितीतरी अधिक. बाईंनी सदरे, साबण, पथ्याचे अन्न, धुलाईची सोय, सारे उभे केले. तरीही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शेकडा सुमारे ४२ रोगी दगावले. मार्चमध्ये सरकारने धाडलेल्या आरोग्य आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, पाण्याच्या वाटेतील मेलेली जनावरे काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले.

सैनिक उपासमारीने खंगून, फार उशिरा येतात म्हणून मरतात, अशी बाईंची समजूत होती. १८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह त्यांनी आकडे मांडले, तेव्हा आघाडीजवळच्या रुग्णालयांहून स्कुटारीच अधिक प्राणघातक ठरल्याचे दिसले. ज्या छताखाली त्या रात्रंदिवस राबल्या, तेच मारक होते! सारे राष्ट्र गौरव करीत असता गप्प राहणे किती सोपे होते, विचार करा. त्यांनी ते आकडे रंगीत आकृत्यांसह १८५८ मध्ये छापून अधिकाऱ्यांपुढे ठेवले.

पुढे हाच हिशेब त्यांनी भारतातील लष्करी छावण्यांना लावला, मग खेड्यांच्या पाण्याला व सांडपाण्याला. आजारपणाने त्या बहुधा खोलीतच असत. तेथूनच पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार चाले. १९१० मध्ये त्या निवर्तल्या. भारत त्यांनी कधीच पाहिला नाही.