वाकड्या नळीचा सरळ माणूस

औंढा नागनाथला महाशिवरात्रीची जत्रा भरते. आमच्या लहानपणी त्या जत्रेत एक कागदी पिपाणी मिळायची. तोंडात धरून फुंकली की गुंडाळलेला कागद सर्रकन उलगडायचा, फुंकर थांबली की पुन्हा गुंडाळून बसायचा. घरी येईपर्यंत आम्ही भावंडे ती फुंकून फुंकून फाडून टाकत असू. पुढे आयुष्यभर आपले पोट असल्याच एका पिपाणीवर चालणार आहे, असे तेव्हा कुणी सांगितले असते तर हसू आले असते.

मी हिंगोलीत फ्रीज दुरुस्तीचे काम करतो. हिंगोली 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली, त्याच्याही आधीपासून. माझ्या पिशवीत दोन गोल गेज असतात. निळे कमी दाबाचे, लाल जास्त दाबाचे. गिऱ्हाइके त्यांना घड्याळ म्हणतात. आपल्या घरातल्या फ्रीजमध्ये गॅस किती आहे, तो अडला आहे की गळतो आहे, हे मेकॅनिक डोळ्यांनी पाहू शकत नाही. काटा सांगेल त्यावर त्याला विश्वास ठेवावा लागतो. त्या तबकडीमागे पितळी धातूची एक वाकडी, चपटी नळी असते. आयटीआयच्या पोरांना ती बोर्डन ट्यूब म्हणून पाठ असते. पण हे एका माणसाचे नाव आहे, त्यालाही घरदार, धंदा, कोर्टकचेऱ्या होत्या, याचा विचार फार थोडे जण करतात. मीही करीत नव्हतो. एका चुकीने तो करायला लावला.

यूजेन बूर्दाँ 8 एप्रिल 1808 रोजी पॅरिसमध्ये जन्मला. वडील रेशमाचे व्यापारी. मुलाने व्यापार सांभाळावा, म्हणून त्याला जर्मन भाषा शिकायला दोन वर्षे न्यूरेंबर्गला धाडले होते. पण पोराचा जीव रमला तो यंत्रांत. तो काळ वाफेचा होता. 1832 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने फ्रान्समधल्या उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेपुढे वाफेच्या इंजिनाचे एक प्रारूप ठेवले. त्याचे सिलिंडर काचेचे होते. आत काय चालते ते बघणाऱ्याला दिसावे, हा त्यामागचा हेतू! 1835 मध्ये त्याने पॅरिसमध्ये स्वतःचा कारखाना काढला. शिकवण्यासाठी, दाखवण्यासाठी म्हणून त्याने दोनशेहून अधिक छोटी इंजिने घडवली. न दिसणारे दाखवावे, हा या माणसाचा मूळ पिंडच होता म्हणायचा.

त्या काळी वाफेचे बॉयलर फुटत आणि माणसे मरत. आतला दाब किती, हे कळायला पाऱ्याची नळी लागे. हवेच्या एका दाबाला 76 सेंटिमीटर पारा, म्हणजे दहापट दाबाला साडेसात मीटरहून उंच नळी! दुमजली घराएवढी काचेची नळी धावत्या इंजिनावर बसवायची कुठे?

अशात 1849 च्या सुमारास बूर्दाँच्या कारखान्यात एक नळी बिघडली. इंजिनासाठी वेटोळ्याची नळी हवी होती आणि वळवताना ती चपटी झाली. आपल्याकडे असे झाले तर कारागिराला चार शब्द सुनावून नळी भंगारात जाते. बूर्दाँने ती दुरुस्त करायचे ठरवले. एक तोंड बंद केले आणि दुसऱ्या तोंडातून पंपाने पाणी दाबून भरले, म्हणजे चपटेपणा जाऊन ती पुन्हा गोल होईल. ती फुगू लागली खरी. पण फुगता फुगता तिचे वेटोळे उलगडू लागले. दाब वाढवावा तशी ती अधिक उलगडे, दाब सोडला की मागे येई. औंढ्याच्या जत्रेतली पिपाणीच ती!

बिघडलेल्या नळीकडे हा माणूस थांबून बघत राहिला. मग त्याने नळीच्या बंद टोकाला एक छोटी कांडी, तिला दातेरी चाक आणि चाकाला काटा जोडला. पारा नको, काच नको, मुठीत मावेल असे साधन झाले. जून 1849 मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले.

आता माझी गोष्ट सांगतो. 2004 चा उन्हाळा होता. वसमतच्या एका कुल्फीवाल्याचा डीप फ्रीजर मी उघडला होता. आदल्या दिवशी मोटारसायकलवरून माझी पिशवी पडली होती. निळ्या गेजची काच शाबूत होती, म्हणून मी पुढे काही पाहिले नाही. काटा मोकळ्या हवेतही शून्यावर न येता पाचावर थांबत होता. तो मला दिसला होता, हे मी आज कबूल करतो. पण घाई होती, बाहेर आणखी दोन कामे होती. चार पाउंडांवर गॅस भरला म्हणून मी निघालो; प्रत्यक्षात फ्रीजरमध्ये दाब शून्याच्याही खाली होता. हिशेब साधा आहे. गॅस कमी पडला की गारवा येत नाही, मशीन थांबत नाही. परतणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरच्या मोटारीला गार ठेवतो, तोही अपुरा पडतो. आठवडाभरात वाइंडिंग जळाले, कुल्फी वाहून गेली. कॉम्प्रेसर जुना होता, असे सांगून मी नव्याचे पैसे घेतले. खरे सांगायचे तर तेव्हा माझीही तीच समजूत होती.

नवा बसवतानाही मी तेच गेज लावले आणि पुन्हा गारवा येईना. तेव्हा माझ्या वस्तादांनी गेज हातात घेऊन, नळी न जोडता, नुसते माझ्यापुढे धरले. एक शब्द बोलले नाहीत. काटा पाचावर होता. बूर्दाँची नळी बिघडली तेव्हा तो थांबून पाहत राहिला. माझी बिघडली तेव्हा मी नजर फिरवली. कुल्फीवाल्याचे पैसे मी तीन हप्त्यांत परत केले. पहिला हप्ता देताना त्याच्या डोळ्यांकडे बघवले नाही.

त्यानंतर मी गेज निवडायला आणि तपासायला शिकलो. पहिली गोष्ट, नेहमीचा दाब तबकडीच्या मधल्या भागात यावा. गेजची चूक पूर्ण मापाच्या टक्केवारीत मोजतात, 1.6 टक्के चुकीचे 500 पाउंडांचे गेज कुठेही आठ पाउंड इकडेतिकडे दाखवू शकते. त्यावर फ्रीजचे चार पाउंड काय मोजणार? उलट आर-410ए गॅसच्या एसीत भर उन्हात जास्तीच्या बाजूला सव्वाचारशे पाउंड सहज होतात. तिथे 500 चे गेज शेवटाला टेकते, 800 चेच हवे. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. तो तांब्या-पितळेला खातो, म्हणून तिथे नळी पोलादीच लागते.

तपासणीचेही तसेच. जोडण्याआधी मोकळ्या हवेत काटा शून्यावर हवा. मग शुद्ध आर-134ए ची बाटली सावलीत तासभर ठेवावी. ती 30 अंशांवर असेल तर गेजने सुमारे 97 पाउंड दाखवावेत, 40 अंशांवर सुमारे 133. शून्य बरोबर आणि हे चूक, तर स्क्रू पिळून भागत नाही. नळी थकलेली असते. असे गेज प्रयोगशाळेत पाठवावे, तिथे दट्ट्यावर मोजलेली वजने ठेवून दाब पडताळतात. आणखी एक गंमत. हिंगोली समुद्रापासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे. त्यामुळे तबकडीवर व्हॅक्यूमचे 30 इंच छापलेले असले तरी आपल्याकडे चांगले गेज साडेअठ्ठावीसच्या पुढे जात नाही. जाऊ लागले, तर ते गेज खोटे बोलते असे समजावे.

बूर्दाँला कीर्ती मिळाली. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या गेजला पदक मिळाले. 1852 मध्ये अमेरिकेतले हक्क ॲशक्रॉफ्ट नावाच्या उद्योजकाने घेतले आणि ती नळी आगगाड्यांवर चढली. आमच्या हिंगोलीच्या मीटरगेज रुळांवरून कोळशाचे इंजिन जाई, तेव्हा ड्रायव्हरपुढच्या गोल तबकड्यांकडे मी टक लावून बघत असे. त्या याच कुळातल्या. पण कीर्तीबरोबर कोर्टही आले. ल्यूसियाँ व्हिदीने 1844 मध्ये बिनपाऱ्याच्या हवादाबमापकाचे पेटंट घेतले होते. पोकळ धातू दाबाने हलतो ही कल्पना माझी, असा त्याचा दावा होता. खटला वर्षानुवर्षे चालला आणि शेवटी बूर्दाँला भरपाई द्यावी लागली.

1872 मध्ये त्याने धंदा मुलाच्या, एदुआरच्या, हाती दिला. साठी उलटलेला माणूस आता स्वस्थ बसेल असे वाटावे. पण त्याने वाऱ्याचा वेग मोजायचे साधन हाती घेतले. त्याच्याच चाचणीत तो पडला आणि 29 सप्टेंबर 1884 रोजी गेला. वय शहात्तर. शेवटच्या दिवसांतही मोजणे चालूच होते.

माझ्याकडे सध्या दोन पोरे काम शिकतात. गिऱ्हाइकाच्या घरात पिशवी उघडली की आधी गेज उघड्या हवेत धरून मला दाखवायचे, हा नियम आहे. पोरे कधी कंटाळतात, घरातली माणसेही कौतुकाने बघत राहतात. मी मात्र काटा शून्यावर टेकलेला दिसल्याशिवाय नळी जोडू देत नाही. वसमतचा तो कुल्फीवाला अजून मलाच बोलावतो. मी पोचलो की तो आधी हात पुढे करतो, आणि काटा स्वतः बघतो.