फणसाचे गरे आणि विनोबा



मागच्या पालक सभेत एका आईने तक्रार केली. त्यांची मुलगी वर्गातल्या मैत्रिणींना आपले रंग वापरायला देते आणि घरी येताना पेटीतले दोन-तीन रंग कमी असतात. आपली वस्तू कुणाला द्यायची नाही, असे त्यांनी तिला बजावून ठेवले होते, तरी ती ऐकत नाही. त्याच सभेत दुसऱ्या एका पालकांचे म्हणणे असे पडले की हल्लीची मुले फार स्वार्थी झाली आहेत, डबासुद्धा वाटून खात नाहीत, शाळेने काहीतरी संस्कार करावेत. दोन्ही गोष्टी एकाच तासात ऐकल्या आणि काय उत्तर द्यावे ते सुचेना.

घरी आल्यावर आचार्य विनोबा भावे आठवले. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे विनोबासुद्धा मी आधी हिंदीतूनच वाचले. पण ज्या घरात ते घडले ते कोकणातले साधे मराठी घर होते. त्या घराची गोष्ट आज तुम्हाला सांगावीशी वाटते.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहर भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गाव गागोदे. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असत. गागोद्याच्या घरात आजोबा शंभूराव, आजी, आई रुक्मिणीबाई आणि मुले राहत.

घरी फणसाचे झाड होते. फणस पिकला की मुलांच्या तोंडाला पाणी सुटणारच. पण फणस कापला की आई आधी पानांचे द्रोण भरायच्या आणि ते द्रोण विनायकाच्या हाती देऊन शेजारच्या घराघरांत पोचवायला लावायच्या. सगळीकडे देऊन झाले की मग मुलांना जवळ बसवून गरे खायला द्यायच्या. आधी द्यायचे आणि मग खायचे, हा त्या घरचा क्रम होता. यात एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आई स्वतः वाटून मोकळ्या होत नसत. द्रोण मुलाच्या हातात असायचा. घेणाऱ्याचा आनंद मुलाला समोर दिसायचा आणि घरी आल्यावर आपल्या वाट्याचे गरेही मिळायचे. दिल्याने आपले काही बुडत नाही, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

याच घरात एक आंधळे गृहस्थ राहत. मुले त्यांना काका म्हणत. वय झालेले, पण कामाला मागे नसत. घरातली सगळी माणसे त्यांच्याशी प्रेमाने वागत. पुढे भावे कुटुंब बडोद्याला गेले. एके दिवशी गावाहून पत्र आले की काका वारले. घरातले कुणी गेले की स्नान, सुतक पाळायची रीत होती. या वेळी तसे काहीच झाले नाही. विनायकाला नवल वाटले, त्याने आईला विचारले. तेव्हा कळले की काका नात्याचे नव्हतेच. त्यांना कुणी नव्हते म्हणून ते घरी राहत होते, एवढेच. इतकी वर्षे एका छपराखाली राहूनही मुलाला हे समजले नव्हते, कारण घरातल्या कुणाच्याही वागण्यात परकेपणा दिसला नव्हता.

पण विनायक काही निमूटपणे मान डोलावणारा मुलगा नव्हता. तो मोठ्यांचे वागणे बारकाईने पाही आणि चूक दिसली की बोलून दाखवी. बडोद्याच्या घरी एक गरीब विद्यार्थी राहायला होता. शिळे अन्न उरले की आई ते स्वतः खायच्या, जास्त असले तर विनायकाला द्यायच्या, पण त्या विद्यार्थ्याला नेहमी ताजेच वाढायच्या. विनायकाने हे टिपले. सगळ्यांना सारखे मानावे असे आई सांगते आणि स्वतः मात्र दोघांत भेद करते, असा त्याचा आक्षेप होता. आईंनी तो नाकारला नाही. भेद होतो हे त्यांनी कबूल केले. परक्या मुलात त्यांना देव दिसत होता आणि आपल्या पोटच्या मुलात अजून मुलगाच दिसत होता, तोही देव दिसू लागेल त्या दिवशी हा भेद उरणार नाही, असे त्यांनी समजावले.

दुसऱ्या एका प्रसंगी शेजारीणबाई गावाला गेल्या होत्या, म्हणून विनायकाच्या आई त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक करून द्यायच्या. आधी आपल्या घरचा स्वयंपाक, मग शेजारचा. हा स्वार्थ नाही का, असे मुलाने विचारले. त्यावर त्यांचा खुलासा असा होता की शेजारचा स्वयंपाक आधी केला तर जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांचे अन्न गार होईल. आपण गार खाल्लेले चालते, त्यांना गरम मिळाले पाहिजे.

या आईंनी वाटून खाण्यावर कधी व्याख्यान दिल्याचे ऐकिवात नाही. मुलगा पाहत होता, मोजत होता, भांडत होता आणि आई त्याला खरे ते सांगत होत्या. १९१६ साली विनोबांनी घर सोडले आणि त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९१८ साली आई वारल्या.

आता एकदम १९५१ सालात येऊ. तेलंगणात जमीनदार आणि भूमिहीन शेतकरी यांच्यात रक्तपात चालू होता. विनोबा त्या भागात पायी फिरत होते. १८ एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्ली गावी दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांकडे जमीन कुठली? त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी आपली १०० एकर जमीन देऊ केली. तिथून भूदानाला सुरुवात झाली. एकाने दिले ते दुसऱ्या गावाने ऐकले, पाहिले. तेलंगणातल्या त्या एका फेरीतच सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली. घरात पाच मुले असतील तर मला सहावा मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, असे विनोबांचे मागणे असे. फणसाचा द्रोण घेऊन घरोघर जाणारा मुलगा आता जमिनीचा वाटा मागत गावोगाव जात होता. तेरा वर्षे त्यांची पदयात्रा चालली.

देशभरात मिळून ४० लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून जाहीर झाली. पण खरे ते मुलांनाही सांगितले पाहिजे. त्यातली बरीच जमीन भूमिहीनांच्या हाती पोचलीच नाही. काही नापीक निघाली, काही वादात अडकली, काही दाने कागदावरच राहिली. सभेत शब्द देणे सोपे असते, सातबारावरचे नाव बदलणे अवघड. तरीही लाखो एकर जमीन खरोखर गरिबांना मिळाली आणि तीही नुसत्या मागण्याने, ही लहान गोष्ट नाही. विनोबांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

शब्द आणि कृती यांतला हाच फरक अमेरिकेत ब्रायन आणि वॉलबेक या दोन संशोधकांनी लहान मुलांवर तपासून पाहिला. त्यांचा अभ्यास १९७० साली प्रसिद्ध झाला. खेळात मिळालेल्या बक्षिसातून गरीब मुलांसाठी काही द्यावे की नाही, हे मुलांनी ठरवायचे होते. त्याआधी एक मोठे माणूस तोच खेळ खेळून दाखवी. कधी ते द्यावे असे सांगे आणि स्वतः देत नसे, कधी बोले एक आणि करी दुसरे. मुलांच्या देण्यावर परिणाम झाला तो त्या माणसाच्या कृतीचा. उपदेशाचा परिणाम झाला तो मुलांच्या उपदेशावर, म्हणजे मुलेही तसेच बोलायला शिकली! रुक्मिणीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण हे त्यांना ठाऊक असावे.

हे सर्व वाचताना माझी मलाच लाज वाटली. प्रार्थनेच्या वेळी डबा वाटून खा असे मी कितीदा तरी सांगत आले आणि मधल्या सुट्टीत माझा डबा मात्र कार्यालयाचे दार लोटून एकटीने खात आले. शिपाईमावशी बाहेर बाकावर बसून आपली भाकरी खायच्या. मुले दोन्ही पाहत होती. आता मी व्हरांड्यात मावशींच्या शेजारी बसते. पहिल्या आठवड्यात मुले नुसती बघून गेली. परवा चौथीतल्या एका मुलाने काही न बोलता माझ्या डब्याच्या झाकणावर अर्धे केळे आणून ठेवले. उरलेले अर्धे मावशींना दिले.

पालकांना एकच विनंती. आपल्या बुऱ्हाणपुरात केळीला तोटा नाही. घरात घड पिकला किंवा सणाला मावा-जलेबी आली, तर शेजारी द्यायची वाटी मुलाच्या हाती द्या. आणि रंग वाटणाऱ्या त्या मुलीच्या आईंना सांगायचे आहे की रंग कमी झाले तर काळजी करू नका, ती जे शिकली आहे ते कुठल्या पेटीत मिळत नाही. कुठे शिकली, हे तिला जरूर विचारा. कदाचित तुमच्याच घरी शिकली असेल.

आपली,
प्राचार्या