व्हायोलिन सुटलं, सूर सुटले नाहीत

आमच्या शिवणवर्गातल्या एक बाई हात अधू झाल्यापासून घरीच बसून असतात. त्यांना मी क्लारा रॉकमोरची गोष्ट सांगितली.

क्लारा १९११ मध्ये विल्निअसला जन्मली. चार-पाच वर्षांची असतानाच सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात व्हायोलिन शिकू लागली. पण लहानपणी पोटभर खायला न मिळाल्याने हाडं कमजोर राहिली आणि पुढे अमेरिकेत आल्यावर ऐन तारुण्यात व्हायोलिन सोडावं लागलं.

तिथेच तिला रशियन शास्त्रज्ञ लेऑन थेरेमिन भेटले. त्यांच्या विजेवरच्या वाद्याला, थेरमिनला, हात लावावाच लागत नाही. उजवा हात हवेत हलवला की सूर वर-खाली होतो, डाव्याने आवाज लहान-मोठा. बोट जरा हललं की बेसूर! क्लाराने त्यासाठी बोटांची स्वतःची पद्धत बसवली. तिच्या सांगण्यावरून थेरेमिननी वाद्यातही सुधारणा केल्या. तीन सप्तकांची पाच झाली. १९७७ मध्ये तिची ध्वनिमुद्रिका निघाली; पियानोवर सख्खी बहीण नादिया होती.

१९९८ मध्ये क्लारा गेली. २०२० मध्ये मूग कंपनीने नवं थेरमिन काढलं, त्याला तिचंच नाव दिलं, क्लाराव्हॉक्स.

आमच्या बाई सोमवारपासून वर्गात येणार आहेत, मुलींना कापड बेतायला शिकवायला.