कुबडवाली बंदूक आणि तिचा बाप

मागे अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो. मोसमात पाखरांची शिकार, एरवी मातीच्या तबकड्या उडवणे, हा त्याचा नाद. त्याला जुनी ‘ऑटो-५’ घ्यायची होती. पाठीला कुबड असलेली ही बंदूक दुकानदाराने उघडून दाखवली. बार उडाला की नळीच मागे सरकते. तिचा धक्का आवरणाऱ्या कड्या काडतूस हलके की जड, हे पाहून लावाव्या लागतात. चुकल्या, तर नळीखालचे लाकूड तडकते. इथे तडकलेच होते.

ती घडवणारा जॉन ब्राउनिंग १८५५ साली यूटातील ऑग्डेनला बंदूककाराच्याच घरी जन्मला. १८८३ पासून विंचेस्टर कंपनी त्याचे हक्क एकरकमी विकत घेई. या बंदुकीपाशी मात्र गडी अडला. प्रत्येक नगामागे वाटा मागू लागला. कंपनीने नकार दिला. जानेवारी १९०२ मध्ये तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला, तर तो तिथे थांबलेला असतानाच हार्टले हृदयविकाराने गेले. दुसरा कोणी खचला असता. हा नमुना घेऊन थेट बेल्जियमच्या ‘एफएन’ कारखान्यात पोहोचला. तिथे सौदा जमला, आणि पुढे रेमिंग्टननेही ती काढली.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी त्याच बेल्जियन कारखान्यात, मुलाच्या कचेरीत त्याने प्राण सोडला. एकावर एक नळ्यांची त्याची शेवटची बंदूक मुलगा व्हॅल याने पुरी केली.

भाच्याने नव्या लाकडाचे पैसे वळते करून घेतले आणि सौदा पक्का केला. कड्या मात्र दुकानदाराकडूनच लावून घेतल्या.