जेम्स फॉरसिथ

कॅप्टन जेम्स फॉरसिथ (इ.स. १८३८ – इ.स. १८७१) हे ब्रिटिश भारतातील लष्करी अधिकारी, वन व महसूल प्रशासक, शिकारी आणि लेखक होते. सातपुड्यातील पचमढीच्या पठाराची युरोपीयांना ओळख करून देणारे अधिकारी म्हणून ते प्रसिद्ध आहेत. शिकारीच्या बंदुकीसाठी गोळी, दारूचे प्रमाण आणि नळीतील पेचदार खाचा यांची निवड एकमेकांच्या संदर्भात करावी, हा विचार त्यांनी पद्धतशीरपणे मांडला. या विषयावरील त्यांचा ग्रंथ 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' इ.स. १८६३ मध्ये, तर 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा मध्य भारतावरील ग्रंथ इ.स. १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

जीवन व कारकीर्द

फॉरसिथ यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. भारतात आल्यावर ते बंगाल स्टाफ कोअरचे अधिकारी होते. इ.स. १८६१ मध्ये नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतर तेथील नव्या वनखात्यात त्यांनी काम केले. सर रिचर्ड टेंपल हे प्रांताचे मुख्य आयुक्त असताना साग व साल यांच्या जंगलांची पाहणी करण्यासाठी त्यांनी सातपुड्यापासून अमरकंटकपर्यंत प्रवास केला. पुढे ते निमाड जिल्ह्याचे जमाबंदी अधिकारी व उपायुक्त झाले.

इ.स. १८६२ मध्ये ते पचमढीच्या पठारावर गेले आणि तेथे त्यांनी मुक्कामासाठी घर बांधले. हे घर आज 'बायसन लॉज' या नावाने ओळखले जाते. गव्याला त्या काळी इंग्रज शिकारी 'बायसन' म्हणत, त्यावरून हे नाव पडले. युरोपीयांच्या दृष्टीने हा शोध असला, तरी स्थानिक गोंड व कोरकू लोकांना हे पठार पिढ्यान्‌पिढ्या परिचित होते. महादेवाच्या यात्रेसाठी तेथे दूरदूरचे भाविक येत असत. विदर्भातील भाविकांची ही परंपरा आजही चालू आहे.

शिकारीच्या गोळीविषयीचे विचार

फॉरसिथ यांच्या काळात ठासणीच्या बंदुका सर्रास वापरात होत्या. सैन्यात इ.स. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलमुळे लांबट गोळीचा प्रसार झाला होता. शेकडो यार्डांवर नेम साधणारी लष्करी रायफल शिकारीसाठीही उत्तम, असा समज त्यामुळे रूढ होऊ लागला. फॉरसिथ यांनी तो अमान्य केला. भारतातील जंगलात बहुतेक जनावरांवर सुमारे १५० यार्डांच्या (सुमारे १३७ मीटर) आत बार टाकला जातो. झाडीत अंतराचा अंदाज चुकतो आणि दृश्यमापक सरकवायला वेळ नसतो. त्यामुळे या पल्ल्यात जवळजवळ सरळ रेषेत जाणारी गोळी हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अशा सरळ मार्गासाठी गोळीचा वेग अधिक हवा आणि वेगासाठी दारू अधिक हवी. परंतु नळीतील खाचांचा पेच घट्ट असल्यास जादा दारूच्या जोराने मऊ शिशाची गोळी खाचांवरून घसरते, तिला फिरकी मिळत नाही आणि नेम बिघडतो. यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे अत्यंत सैल पेच, उथळ व रुंद खाचा, मोठ्या व्यासाची वाटोळी गोळी आणि दारूचा भरपूर बार. वाटोळ्या गोळीला स्थिर राहण्यासाठी फारशी फिरकी लागत नाही. म्हणून मोठ्या नळीत एक पूर्ण फेरा होण्यास १०० इंचांहून अधिक लांबी ठेवली तरी चालते, असे त्यांनी दाखवले. ही रचना पुढे 'फॉरसिथ पेच' या नावाने ओळखली गेली.

त्या काळी नळीचा आकार 'बोअर'मध्ये मोजत. एका पौंड शिशापासून नळीच्या मापाच्या जितक्या वाटोळ्या गोळ्या होतील, तितका बोअरचा आकडा असतो. त्यामुळे १४ बोअरची गोळी सुमारे ३२ ग्रॅम वजनाची व सुमारे १७.६ मिलिमीटर व्यासाची भरते. वाटोळ्या गोळीचा व्यास दुप्पट केल्यास वजन आठपट होते. म्हणूनच वाटोळ्या गोळीच्या पद्धतीत मोठ्या जनावरासाठी मोठ्या व्यासाची नळी अपरिहार्य ठरते.

या मांडणीमागे व्यावहारिक कारण होते. ठासणीची बंदूक पुन्हा भरण्यास वेळ लागे, त्यामुळे एकनळी बंदूक वापरणाऱ्यास एकाच गोळीवर भिस्त ठेवावी लागे. कमकुवत गोळीने जखमी झालेले जनावर झाडीत निघून जाऊन तडफडून मरे. ते वाघ किंवा गवा असल्यास माग काढणाऱ्या स्थानिक माणसांच्या जिवावर बेते. त्यामुळे गोळीची निवड हा केवळ नेमबाजीचा प्रश्न नव्हता.

मर्यादा व पुढील बदल

वाटोळी गोळी हवेच्या विरोधामुळे लवकर वेग गमावते, त्यामुळे फॉरसिथ यांच्या पद्धतीचा लाभ जवळच्या पल्ल्यापुरताच होता. त्यांच्या हयातीतच मागून भरायच्या बंदुका आणि हलकी लांबट गोळी व जादा दारू वापरणाऱ्या 'एक्स्प्रेस' रायफली पुढे आल्या आणि ठासणीच्या मोठ्या बंदुका मागे पडल्या. मात्र त्यांचे मूळ सूत्र टिकून राहिले. इ.स. १८७९ मध्ये जॉर्ज ग्रीनहिल यांनी गोळीची लांबी आणि पेच यांचा संबंध सूत्रात मांडला. त्याच व्यासाच्या साध्या काडतुसापेक्षा अधिक दारू असलेल्या काडतुसांना पुढे 'मॅग्नम' म्हटले जाऊ लागले. अशा काडतुसाच्या एकबारी नळीसाठीही नळीचा पेच, गोळीची लांबी व वजन, जनावराचा आकार आणि अपेक्षित अंतर यांचा मेळ घालूनच गोळी निवडावी लागते.

द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया

या ग्रंथात सातपुड्यातील वने, वन्यप्राणी, गोंड व कोरकू समाज आणि शिकार यांचे तपशीलवार वर्णन आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी संग्रहित केलेल्या लिंगोच्या गोंडी कथागीताचे इंग्रजी पद्यरूपही त्यात आहे. आदिवासींविषयीच्या त्यांच्या मतांवर वसाहतकालीन दृष्टिकोनाची छाप आढळते. सागाच्या प्रदेशात एकाकी राहिलेला देनवा खोऱ्यातील सालवनाचा पट्टा आणि तेथील बारशिंगा व लाल रानकोंबडा यांची त्यांनी केलेली नोंद प्राणी-भूगोलाच्या दृष्टीने महत्त्वाची मानली जाते. हा ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच फॉरसिथ यांचे निधन झाले.

वारसा

जखमी जनावर सुटून जाऊ नये, हा फॉरसिथ यांच्या मांडणीचा एक हेतू होता. परंतु बंदुका व काडतुसे जसजशी प्रभावी होत गेली, तसतशी शिकारही सोपी झाली. शिकार आणि अधिवासाचा नाश यांमुळे त्यांनी वर्णन केलेले बारशिंगे सातपुड्याच्या या भागातून नाहीसे झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील इ.स. १९९१ ची दुरुस्ती यांमुळे भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली. इ.स. २०१५ मध्ये कान्हा येथील बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणून त्यांचे पुनर्वसन सुरू करण्यात आले. बायसन लॉजमध्ये आता या परिसरातील निसर्गाची माहिती देणारे संग्रहालय आहे.