डेव्हिड बोम : प्लाझ्मातील खळबळीचा वेध घेणारा शास्त्रज्ञ

अवकाशयानाला पुढे ढकलण्यासाठी विजेवर चालणारी इंजिने आज अनेक उपग्रहांवर आढळतात. या इंजिनांत विद्युतभारित वायू, म्हणजेच प्लाझ्मा असतो. त्याच्या वर्तनाचे गणित मांडताना अभियंत्यांना डेव्हिड बोम या शास्त्रज्ञाच्या सूत्राची आठवण हटकून होते. अमेरिकेच्या युद्धकार्यासाठी बोम यांनी या विषयात पहिले पाऊल टाकले. त्याच अमेरिकेने काही वर्षांतच त्यांना परके ठरविले.

बोम यांचा जन्म २० डिसेंबर १९१७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्क्स-बॅरी या गावी झाला. युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातील त्यांच्या वडिलांचे तेथे फर्निचरचे दुकान होते. पदवी संपादन केल्यानंतर बोम बर्कले येथे रॉबर्ट ओपेनहायमर यांच्याकडे संशोधनासाठी दाखल झाले. १९४२ मध्ये काही महिने ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. ओपेनहायमर यांनी त्यांना अणुबॉम्ब प्रकल्पासाठी लॉस अलामोस येथे नेण्याचा प्रयत्न केला. परंतु सुरक्षा यंत्रणेने परवानगी नाकारली. पुढे त्यांच्या प्रबंधाचा विषयच गोपनीय ठरविण्यात आला आणि स्वतःचेच संशोधन पाहण्यास त्यांना मज्जाव झाला. अखेर ओपेनहायमर यांनी विद्यापीठाला हमी दिल्यावर १९४३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

युद्धकाळात बर्कलेच्या प्रयोगशाळेत त्यांच्याकडे कॅल्युट्रॉन यंत्रातील प्लाझ्माचा अभ्यास सोपविण्यात आला. युरेनियमचे समस्थानिक वेगळे करणाऱ्या या यंत्रात प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला असे. चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांना जखडून ठेवते आणि केवळ इतर कणांशी टक्कर झाली तरच ते क्षेत्र ओलांडून सरकतात, असा तोपर्यंतचा सिद्धांत होता. प्रत्यक्षात गळती त्याहून कितीतरी अधिक होती. प्लाझ्मात आपोआप उद्भवणारी अनियमित विद्युत दोलने आणि त्यातून माजणारी खळबळ हे या गळतीचे कारण असावे, असा निष्कर्ष बोम यांनी काढला.

त्यांचे सूत्र १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. चुंबकीय क्षेत्र दुप्पट केल्यास जुन्या सिद्धांतानुसार गळती एक चतुर्थांशावर येते. बोम यांच्या सूत्रानुसार ती केवळ निम्मी होते. या सूत्रात १/१६ हा गुणक आहे. त्याची सिद्धता मात्र बोम यांनी प्रसिद्ध केली नाही. प्लाझ्मा ज्या भिंतीला स्पर्श करतो तेथे आयनांचा वेग किमान किती असावा लागतो, याचा त्यांनी घालून दिलेला निकषही आज प्रयोगशाळांतील मोजमापांचा पाया आहे.

१९४७ मध्ये बोम प्रिन्स्टन विद्यापीठात रुजू झाले. तेथे डेव्हिड पाइन्स या विद्यार्थ्यासह त्यांनी धातूंमधील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक वर्तनाचा सिद्धांत उभारण्यास प्रारंभ केला. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे फिरत असतानाही त्यांचा समुदाय एकसंधपणे दोलायमान होतो, हे त्यातील मर्म होते.

याच सुमारास अमेरिकेत कम्युनिस्टांविरुद्ध वातावरण तापले होते. मे १९४९ मध्ये संसदीय चौकशी समितीने बोम यांना पाचारण केले. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनादत्त अधिकाराचा आधार घेऊन त्यांनी स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या राजकीय संबंधांविषयी माहिती देण्यास नकार दिला. १९५० च्या अखेरीस त्यांना अटक झाली आणि विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. मे १९५१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. तरीही त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही. मायदेशात काम मिळण्याची आशा मावळल्यावर ते ब्राझीलमधील साओ पाउलो येथे गेले. त्यांच्यासाठी अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी शिफारसपत्र दिले होते. तेथे अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्यांचा पासपोर्ट ताब्यात घेतला. पुढे त्यांनी ब्राझीलचे नागरिकत्व स्वीकारले. अमेरिकेचे नागरिकत्व परत मिळण्यास १९८६ साल उजाडावे लागले.

ब्राझीलनंतर इस्रायलमधील हैफा, ब्रिस्टल आणि १९६१ पासून लंडनचे बर्कबेक कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. पुंजभौतिकीचा पर्यायी अर्थ मांडणारे त्यांचे १९५२ चे निबंध आणि १९५९ मध्ये याकिर अहारोनोव्ह यांच्यासह केलेले कार्य जगभर गाजले. भारतीय तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांच्याशी त्यांचा संवाद दोन दशकांहून अधिक काळ चालला. १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. २७ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनमध्ये टॅक्सीने घरी परतत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७४ वर्षांचे होते.

दरम्यान, त्यांचे सूत्र अवकाश तंत्रज्ञानात पोहोचले होते. डिसेंबर १९७१ मध्ये सोव्हिएत संघाने मिटिऑर उपग्रहावर हॉल थ्रस्टर हे प्लाझ्मा इंजिन पाठविले. या इंजिनात झेनॉन वायूचे आयन विद्युत क्षेत्राने वेगाने बाहेर फेकले जातात आणि इलेक्ट्रॉनांना चुंबकीय क्षेत्र रोखून धरते. येथेही इलेक्ट्रॉन सिद्धांताच्या अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात निसटतात. शिवाय, वायू संपणे आणि पुन्हा भरणे या चक्रामुळे प्लाझ्मा सेकंदाला हजारो वेळा श्वासासारखा आकुंचन-प्रसरण पावतो. ही गळती अचूक सांगता न आल्यास इंजिनाची कार्यक्षमता आणि आयुष्य यांचे भाकीत डळमळीत होते. बोम यांचा गुणक इंजिनाच्या एका भागात लागू पडतो, तर दुसऱ्या भागात बदलावा लागतो. म्हणूनच नव्या इंजिनांची चाचणी निर्वात कक्षांत दीर्घकाळ घ्यावी लागते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने सायकी या लघुग्रहाकडे यान रवाना केले. त्याच्या दीर्घ प्रवासाची भिस्त याच प्रकारच्या इंजिनांवर ठेवण्यात आली. बोम यांना ज्या देशात अध्यापनाची जागा उरली नाही, त्या देशाच्या यानातही त्यांनी ओळखलेली प्लाझ्मातील खळबळ आहे आणि तिचे संपूर्ण गणित मांडण्याचे काम त्यांच्यानंतरच्या पिढ्यांकडे आले आहे.