ओझोन मोजणारी बाई

१६ सप्टेंबर आला की कॉलेजात पोस्टर स्पर्धा ठरलेली. तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी, नाहीतर डोक्यावर फाटकी छत्री घेतलेली पृथ्वी. एनएसएसचे सर खूश, फोटो ग्रुपवर, विषय संपला. पण ती छत्री फाटतेय हे कळलं कसं, हे फारसं कुणी विचारत नाही. ओझोन काही डोळ्यांना दिसत नाही. त्यातला बहुतेक ओझोन असतो जमिनीपासून वीस-पंचवीस किलोमीटर वर. आणि वातावरणातला सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर पसरला तर थर भरेल जेमतेम तीन मिलिमीटरचा, दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढा. त्यातला थोडासा कमी झाला हे सांगायचं, तर आधी कुणीतरी तो वर्षानुवर्षं, न कंटाळता मोजत बसायला हवं.

तशा मोजत बसलेल्या माणसांपैकी एक आपल्या शेजारीच होती, पुण्यात. नगरहून एसटीनं पुण्याला जाणाऱ्यांना शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक माहीत असतो. घड्याळाचा मनोरा असलेली ती इमारत हवामान खात्याची. त्या खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात १९४८ मध्ये तिशीला टेकलेली, खादी नेसणारी एक मुलगी रुजू झाली. नाव अ‍ॅना मणी. नगरमध्ये अण्णा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं वेगळंच चित्र येतं, पण ही अ‍ॅना त्रावणकोरची.

२३ ऑगस्ट १९१८ ला ती जन्मली, आजच्या केरळातल्या पीरमेडला. वडील सिव्हिल इंजिनिअर, वेलदोड्याचे मळे, घर सुखवस्तू. आठ भावंडांत ही सातवी. त्या घरात मुलग्यांनी शिकून मोठं व्हायचं आणि मुलींनी लग्न करून जायचं, असं सरळ गणित होतं. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याची कर्णफुलं द्यायची घरची रीत. अ‍ॅनानं ती नको म्हणून सांगितलं आणि त्याऐवजी एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. तोवर गावच्या वाचनालयातली बहुतेक मल्याळी पुस्तकं तिची वाचून झालेली होती. त्याच सुमारास वायकोम सत्याग्रहाच्या निमित्तानं गांधीजी त्या भागात आले आणि तिच्या अंगावर खादी आली. ती पुढं कायमची राहिली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये फिजिक्सची ऑनर्स पदवी, आणि १९४० मध्ये स्कॉलरशिप मिळवून थेट बंगळुरू, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. गाइड कोण? सी. व्ही. रामन. आज वाटतं, लॉटरीच लागली. पण रामन यांच्या लॅबमध्ये मुली मोजक्याच होत्या आणि त्यांनी मुलांशी बोलणं सरांना खपत नसे. मुलं घोळक्यानं चर्चा करायची, मुली आपापल्या टेबलाशी. कुणा मुलीच्या हातून उपकरण जरा इकडंतिकडं झालं की ते बाईमाणसाचं अज्ञान ठरायचं. अ‍ॅना हिरे आणि माणकांचे वर्णपट घेत होती. एकेका फोटोप्लेटला पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे, त्यामुळं ती रात्री लॅबमध्येच झोपायची. १९४२ ते १९४५ मध्ये तिनं एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध छापले.

ऑगस्ट १९४५ मध्ये तिनं पीएचडीचा प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठानं पदवी नाकारली. कारण, एमएस्सी केलेलं नाही. ऑनर्सची पदवी होती, त्याच पदवीवर संशोधनाची स्कॉलरशिप मिळाली होती, पाच निबंध छापून झाले होते, पण नियम म्हणजे नियम. तो प्रबंध बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत आजही आहे. पीएचडी शेवटपर्यंत मिळाली नाही. एखाद्या सेमिस्टरला क्रेडिट कमी पडले म्हणून विद्यापीठाच्या खिडकीसमोर उभं राहिलेल्यांना हे जरा जास्त कळेल.

त्याच वर्षी सरकारी स्कॉलरशिपवर ती इंग्लंडला निघाली. जायचं होतं फिजिक्स शिकायला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात गेल्यावर जागा मिळाली ती हवामानाच्या उपकरणांची. तिनं तेच घेतलं. तीन वर्षांत ती तापमापक, दाबमापक, पर्जन्यमापक यंत्रं उघडून, जोडून, तपासून पुरती शिकली आणि १९४८ मध्ये पुण्याला आली. इथून पुढं तिला अगंतुगं करणं काही बरं दिसत नाही.

पुण्यात मणी मॅडम आल्या तेव्हा देशाचं हवामान खातं साधं पर्जन्यमापकसुद्धा ब्रिटनहून मागवत होतं. विभागप्रमुख एस. पी. वेंकिटेश्वरन यांनी ही उपकरणं इथंच बनवायचं मनावर घेतलं होतं. मॅडमनी जवळपास शंभर उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित करून उत्पादनाला लावली. १९५३ मध्ये विभाग त्यांच्याकडं आला. हाताखाली १२१ जण, सगळे पुरुष. त्यांचा एकच हट्ट असायचा: चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. हा हट्ट पुढं किती कामाला येणार होता, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष. शीतयुद्ध ऐन भरात, तरीही अमेरिका, रशिया आणि इतर अनेक देशांनी ठरवलं की पृथ्वीची मोजमापं एकाच वेळी, एकाच पद्धतीनं घ्यायची आणि एकमेकांना द्यायची. मणी मॅडमनी त्या निमित्तानं भारतभर सूर्याचं प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. परदेशी उपकरणं महाग, म्हणून बरीचशी पुण्यातच बनवली. आणि याच मोहिमेसाठी ब्रिटिशांनी अंटार्क्टिकावर हॅली नावाचं एक केंद्र थाटलं, तिथं डॉब्सन स्पेक्ट्रोफोटोमीटर ठेवला आणि ओझोन मोजायला सुरुवात केली. त्या वेळी हे काम म्हणजे सगळ्यात रटाळ. ओझोन कमी होईल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

१९६० च्या सुमारास मॅडम ओझोनकडं वळल्या. जमिनीवरच्या डॉब्सन यंत्रानं डोक्यावरचा एकूण ओझोन कळतो, पण कुठल्या उंचीवर किती आहे हे नेमकं कळायला यंत्रच वर पाठवावं लागतं. त्याला म्हणतात ओझोनसाँड. कल्पना सोपी आहे, बारावीच्या केमिस्ट्रीत बसेल अशी. एक छोटा पंप बाहेरची हवा ओढून पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुडे सोडतो. हवेत ओझोन असेल तर आयोडीन मोकळं होतं आणि इलेक्ट्रोडमधून अगदी बारीक करंट वाहतो. ओझोन जास्त तर करंट जास्त. हे सगळं हायड्रोजनच्या फुग्याला बांधायचं, जोडीला रेडिओ ट्रान्समीटर, की आकडे खाली येत राहतात.

सोपं वाटतं ना? पुण्याच्या आकाशात सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे ८० अंशांच्या आसपास जातं. द्रावण गोठता कामा नये. पंप अशा पदार्थाचा हवा की तोच ओझोन खाऊन टाकणार नाही. वजन फुग्याला झेपलं पाहिजे. तीसेक किलोमीटरवर फुगा फुटतो आणि यंत्र बहुतेक वेळा कायमचं जातं, म्हणजे ते स्वस्तही हवं. हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो, म्हणजे पुण्यातून सुटलेला फुगा शिरूर, पारनेर, श्रीगोंद्याच्या दिशेनं सरकणार, आणि शेतात येऊन पडलेला तो डबा शेतकऱ्याला कोड्यात टाकणार! मणी मॅडम आणि सहकारी सी. आर. श्रीधरन यांनी ही सगळी गणितं सोडवून भारतीय ओझोनसाँड उभा केला. पुणे, दिल्ली, तिरुवनंतपुरम इथून तो नियमित सुटू लागला. पुढं अंटार्क्टिकावरच्या भारतीय केंद्रावरूनही सुटला. मॅडम आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाच्या सदस्य झाल्या. मधेच, १९६३ मध्ये, विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून थुंबाच्या रॉकेट केंद्रावर हवामान वेधशाळाही त्यांनी उभी करून दिली.

आता जरा फ्रिजकडं वळू. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजले या इंजिनिअरच्या चमूनं सीएफसी वायू फ्रिजसाठी शोधला. त्याआधीचे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड गळले तर माणसं मरायची. सीएफसी ना पेटतो, ना विषारी, ना कशाशी रिअ‍ॅक्ट होतो. तो गुणच नडला. कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाही म्हणून तो न मोडता थेट वरपर्यंत जातो, तिथं अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटलेला क्लोरिनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मोलिना आणि रोलँड यांनी हे १९७४ मध्ये मांडलं. कंपन्यांनी पुरावा मागितला. तो आला १९८५ मध्ये, हॅलीच्या त्याच रटाळ वह्यांतून. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी दाखवलं की दर वसंतात तिथला ओझोन भलताच खाली जातोय. मागची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं कुणी नीट मोजलंच नसतं तर कशाच्या तुलनेत कमी, हे सांगता आलं नसतं.

दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला, माँट्रियल करार झाला. योगायोग असा की त्याच वर्षी मणी मॅडमना इंडियन नॅशनल सायन्स अकादमीचं के. आर. रामनाथन पदक मिळालं, आणि रामनाथन म्हणजे भारतातल्या ओझोन संशोधनाचे आद्य गुरू.

भारतानं मात्र लगेच सही केली नाही, आणि ते माझ्या मते बरोबरच होतं. पन्नास वर्षं सीएफसी उडवला श्रीमंत देशांनी; आपल्याकडं तेव्हा फ्रिज म्हणजे गल्लीत एखाद्याच्या घरी. नवं तंत्रज्ञान विकत घ्यायचा खर्च कुणी द्यायचा? १९९० च्या लंडन बैठकीत भारत आणि चीन यांनी हाच मुद्दा धरून ठेवला. विकसनशील देशांसाठी स्वतंत्र निधी आणि जास्तीची मुदत ठरली, आणि १९ जून १९९२ ला भारत करारात आला. हवामानबदलाच्या बैठका आजही जिथं अडतात ती गाठ इथं पैसे ठेवून सोडवली गेली, हे लक्षात घ्यायला हवं. पुढं मुंबईच्या गोदरेजनं स्विस आणि जर्मन मदतीनं फ्रिजमध्ये हायड्रोकार्बन आणलं. १ ऑगस्ट २००८ पासून देशात सीएफसीचं उत्पादन थांबलं, अपवाद फक्त दम्याच्या इन्हेलरचा.

ते बघायला मणी मॅडम नव्हत्या. १९७६ मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. पण घरी बसल्या नाहीत. भारतातल्या सौर प्रारणाचे दोन जाडजूड ग्रंथ १९८० आणि १९८१ मध्ये काढले, मग देशभर कुठं किती वारा वाहतो याच्या मोजणीला लागल्या आणि बंगळुरूत वारा व ऊन मोजणाऱ्या उपकरणांचा छोटा कारखानाही चालवला. आपल्या सुप्याच्या डोंगरावर आणि खांडक्याला ज्या पवनचक्क्या दिसतात, तशा उभारायच्या आधी त्या जागेचा वारा मोजावा लागतो. देशात त्या मोजणीचा पाया घालणाऱ्यांत मॅडम होत्या. लग्न केलं नाही, त्याची खंतही केली नाही. १९९४ मध्ये पक्षाघात झाला आणि चालणं-फिरणं बंद झालं. १६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरमला त्या गेल्या, ८३ व्या वाढदिवसाला सात दिवस बाकी असताना.

ओझोन आता सावरतोय. जगाच्या बहुतेक भागात तो २०४० च्या आसपास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पण फ्रिजची भानगड संपलेली नाही. सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला हात लावत नाहीत, तापमान मात्र वाढवतात. गाडीच्या एसीतला आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे १४०० पट, आणि शीतगृहांतला आर-४०४ए जवळपास ३९०० पट. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. भारतानं २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. २०२८ ला आपला वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के खाली आणायचा.

हे लांबचं वाटत असेल तर संगमनेर, राहाता, अकोल्याच्या कुठल्याही गावात संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर जा. धारा काढल्यावर दूध पटकन ४ अंशांवर आणावं लागतं, नाहीतर नासतं. ते काम करणाऱ्या बल्क कूलरमध्ये कुठला ना कुठला गॅस असतोच. त्यातला जुना आर-२२ कराराप्रमाणं २०३० पर्यंत जवळपास बंद व्हायचा आहे, त्याचा पर्याय म्हणून भरला जाणारा गॅस किगालीच्या यादीत आहे, आणि प्रोपेनसारखा खरा पर्याय पेटणारा आहे, म्हणून तो हाताळायला शिकलेला मेकॅनिक लागतो. आज कूलर थंड करेना झाला की मेकॅनिक येतो, गळती न शोधता गॅस भरतो, पैसे घेतो, जातो. किती गॅस भरला, किती उडाला, याची नोंद बहुतेक ठिकाणी कुठल्याच वहीत नसते. आयटीआयच्या रेफ्रिजरेशन ट्रेडला असलेल्या मुलामुलींनी यंदाच्या १६ सप्टेंबरला पोस्टरऐवजी आपल्या गावच्या कूलरची एवढी वही सुरू करून बघायला हरकत नाही. एक रजिस्टर, एक वजनकाटा आणि गळती शोधायला साबणाचं पाणी, एवढंच लागतं.